ऑनलाइन बाजाराला अडत्यासारखं धरा



हायब्रीड नेपियरला बी येत नाही. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बाजरी आणि हत्ती गवत यांच्या संकरातून हे गवत झालं. खेचराला जसं पिल्लू होत नाही तसं ह्याला उगवणारं बी धरत नाही. तुरा येतो, पण वांझ. राहुरीच्या विद्यापीठाचं फुले जयवंत असो नाहीतर थायलंडहून आलेलं सुपर नेपियर असो, लावायचं ते दोन डोळ्यांच्या कांडीनं, नाहीतर ठोंबानं. दारात चार गाया असलेल्या जुन्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता मोबाईल काढा आणि ऑनलाइन बाजारात ‘सुपर नेपियर बी’ असं टाकून बघा. पाकिटं दिसतील. हिरवंगार, माणसाच्या डोक्यावर गेलेलं गवत, त्यात उभा हसणारा शेतकरी, खाली चार तारे. निळ्या स्ट्रॉबेरीचं बी दिसेल. महाबळेश्वरात जाऊन विचारा, निळी स्ट्रॉबेरी कुणी पिकवलीय का. कुंडीत आठ महिन्यांत फळ देणारा बियांचा आंबा दिसेल. शहरातल्या बाईनं गच्चीसाठी निळी स्ट्रॉबेरी मागवली तर तिचे दीडशे रुपये जातात. ती हसते आणि विसरते. पण तेच पाकीट शेतात गेलं की हंगाम जातो. माझा राग ह्या फरकावर आहे, आणि कायदा हा फरक अजून नीट धरत नाही.

माझ्या पुतण्याचं सांगतो. चाकणची कंपनी सोडून दोन वर्षांपूर्वी घरी आला, आठ संकरित गाया घेतल्या. पोरगं कष्टाळू आहे, हिशेब वहीत लिहितं. जूनमध्ये त्यानं २० गुंठ्यांसाठी सुपर नेपियर बियांची सहा पाकिटं मागवली, ३९९ रुपयाला एक, म्हणजे २,३९४ रुपये. ‘उगवण ९० टक्के हमखास’, ‘५० दिवसांत पहिली कापणी’, ‘कृषी तज्ज्ञांनी शिफारस केलेले’, असं पानावर लिहिलेलं. वर बाजारानं स्वतःचा विश्वासाचा शिक्का मारलेला. आणि लाल अक्षरात ‘फक्त ३ शिल्लक’. त्यानं सहा घेतली तरी आठवड्यानं मी बघितलं तेव्हा ३ च शिल्लक होती. द्रौपदीची थाळीच म्हणायची.

नांगरट १,२००, रोटाव्हेटर ९००, शेणखताची एक ट्रॉली ४,०००, सऱ्या पाडणं, पेरणी आणि खुरपणीची मजुरी १,५००. ही ७,६०० रुपये झाली. उगवलं ते बाजरीसारखं काहीतरी, तेही वीतभर अंतरावर एक. जुलैच्या शेवटी मी बांधावर उभा राहून बघितलं आणि त्याला म्हणलं, हे नेपियर नाही, वाट बघू नको, मोड. मग कांड्या आणल्या, ३,६०० लागल्या, रुपयाला एक. लावण दीड-दोन महिने मागं गेली. तेवढे ६० दिवस आठ गायांना दिवसाला प्रत्येकी १५ किलो धरून मुरघास विकत आणायचा. ७,२०० किलो, साडेसहा रुपयांनी ४६,८०० रुपये. म्हणजे पाकिटाचे पैसे सोडून ५४,४०० रुपयांचा खड्डा, आणि तो पाडला २,३९४ रुपयांच्या पाकिटांनी.

बाजाराच्या मदत कक्षाला कळवलं तर आधी यंत्र बोललं, मग माणूस बोलला. दोघांचं म्हणणं एकच. ‘परत करण्याची मुदत डिलिव्हरीपासून १० दिवस होती, ती संपली आहे. आम्ही केवळ विक्रेता आणि ग्राहक यांना जोडणारं माध्यम आहोत.’

अहो, १० दिवसांत बी जमिनीतून वर आलं तरी ते काय आहे हे कळतं का? डाळिंबाच्या रोपाची जात कळायला दोन वर्षं लागतात. कांद्याच्या बियांत भेसळ आहे हे कांदा पोसायला लागल्यावर, डेंगळे निघाल्यावर कळतं. चपलेला आणि बियाण्याला एकच १० दिवसांचा नियम लावणाऱ्याला शेती कळत नाही असं मी म्हणणार नाही. त्याला चांगलं कळतं, म्हणून तर तो नियम त्याला परवडतो.

आणि ते ‘माध्यम’. ह्यावर जरा थांबतो, कारण सगळी पळवाट इथंच आहे.

आठवडे बाजारात जागेचा ठेकेदार पावती फाडतो आणि निघून जातो. कुणी काय विकलं, कितीला विकलं, त्याला घेणंदेणं नसतं. हे ऑनलाइनवाले स्वतःला तसलं ठेकेदार समजतात. पण ते तसे आहेत का? पैसे ते घेतात. ते पैसे काही दिवस स्वतःकडे ठेवून, स्वतःचं कमिशन कापून मग विक्रेत्याला देतात. कुठला माल पहिल्यांदा दिसायचा आणि कुठला विसाव्या पानावर, हे ते ठरवतात, आणि वर दिसायचे वेगळे पैसे घेतात. खोका त्यांच्या नावाचा, बऱ्याचदा पोरगंही त्यांच्याच टी-शर्टातलं. कुणाचं मत छापायचं तेही तेच ठरवतात. पुतण्यानं फोटोसकट खरं ते लिहिलं, ‘नियमात बसत नाही’ म्हणून ते दिसलंच नाही.

हा ठेकेदार नाही मंडळी, हा अडत्या आहे. अडत्या कोण असतो आपल्याला चांगलं माहीत आहे. माल त्याचा नसतो, पण सौदा त्याच्या गाळ्यावर होतो, आणि त्याला बाजार समितीचा परवाना लागतो. व्यापारी पैसे बुडवून पळाला तर आपण अडत्याची कॉलर धरतो आणि बाजार समितीही आधी त्यालाच विचारते. ‘मी फक्त शेतकरी आणि व्यापारी यांना जोडलं’ असं तो म्हणाला तर त्याला गाळ्यावर बसू देतील का? मग मोबाईलमधल्या अडत्याला ही सूट कशासाठी?

आता कायद्याचं. मी दहावी पास, वकील नाही. पण कायदा मराठीत वाचता येतो, आणि ह्या दोन महिन्यांत वाचला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० पासून. त्यात कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते सांगितलंय. मालाचं खोटं वर्णन, खोटी हमी, मालाचं स्वरूप किंवा दर्जा याबद्दल ग्राहकाची दिशाभूल होईल असा दावा, आणि मुद्दाम लपवलेली महत्त्वाची माहिती. जे बी निसर्गात धरत नाही त्याला ९० टक्के उगवणीची हमी, हे ह्यातल्या कशात बसत नाही ते मला कुणी सांगावं. आणि जाहिरात म्हणजे फक्त टीव्हीवरची आणि पेपरातली नाही, वेबसाइटवरचा मजकूरही त्यात येतो.

त्याच जुलै २०२० मध्ये ऑनलाइन व्यापाराचे वेगळे नियम आले. विक्रेत्याचं नाव आणि पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं सोंग घेऊन स्वतःच्या मालाला तारे द्यायचे नाहीत. माल सदोष असेल, बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, तर परत घ्यायला विक्रेत्यानं नकार द्यायचा नाही. ह्या शेवटच्या नियमात १० दिवस असं कुठं लिहिलेलं नाही. आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडं जायला दोन वर्षांची मुदत आहे. त्यामुळं ‘रिटर्नची मुदत संपली’ हे वाक्य ऐकून फोन ठेवू नका. संपली ती त्यांच्या सोयीची मुदत, तुमची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत.

पण कायद्यात फटी आहेत, त्या झाकून उपयोग नाही. पहिली फट अशी, की ह्या नियमांनी ऑनलाइनवाल्यांचे दोन प्रकार केले. एक स्वतःचा माल विकणारे, दुसरे फक्त बाजार चालवणारे. स्वतःचा माल विकणाऱ्यानं अस्सलपणाची ग्वाही दिली तर जबाबदारी त्याची, असं स्पष्ट लिहिलं. बाजार चालवणाऱ्यानं मात्र विक्रेत्याकडून ‘मालाचं वर्णन आणि फोटो खरे आहेत’ अशी हमी लिहून घ्यायची, म्हणजे त्याचं मोठं काम झालं. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहेच, मध्यस्थाला दुसऱ्याच्या मजकुराच्या जबाबदारीतून सूट देणारं. ती सूट अटींवर आहे, पण ह्या छत्रीखाली सगळे उभे आहेत. आता विश्वासाचा शिक्का मारणारा बाजार अस्सलपणाची ग्वाही देत नाही तर काय हळदीकुंकू करतो?

ह्या छत्रीला एकदा भोक पडलेलं आहे, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉनला प्रेशर कुकरच्या प्रकरणात धरलं. सक्तीच्या मानकात न बसणारे २,२६५ कुकर त्यांच्या बाजारात विकले गेले होते. प्राधिकरण म्हणालं, प्रत्येक विक्रीवर तुम्ही कमावता, मग अडचण आली की अंग काढून घेता येणार नाही. मला जे म्हणायचंय तेच हे. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या, असा आदेश झाला आणि दंड झाला १ लाख. त्या कुकरांवर बाजाराची कमाई किती होती? ६,१४,८२५ रुपये. फ्लिपकार्टचंही तसंच, ५९८ कुकर, कमाई १,८४,२६३ आणि दंड १ लाख. ॲमेझॉन त्यावर दिल्ली हायकोर्टातही गेली. आता सांगा, सहा लाख कमावून एक लाख दंड भरणाऱ्याला धाक बसतो की पाच लाखांचा धंदा दिसतो? कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. आकडा आपल्याला मोठा वाटतो. त्यांच्या लेखी तो चहापाण्याचा खर्च. आणि तो दंड सरकारी तिजोरीत जातो, पुतण्याच्या गोठ्यात नाही.

दुसरी फट आपल्या खात्याची, आणि कृषी खात्यातल्या मित्रांनी हे जरा मनावर घ्यावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कीटकनाशकांच्या नियमांत बदल झाला. ऑनलाइन औषध विकायचं तर विक्रेत्याकडं परवाना पाहिजे, आणि तो परवाना तपासायची जबाबदारी बाजार चालवणाऱ्यावर टाकली. बघा, म्हणजे बाजाराला अडत्यासारखं धरता येतं, सरकारनं धरून दाखवलंय. मग बियाण्याला असा स्पष्ट नियम का नको? १९६६ चा बियाणे कायदा आणि १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश लिहिला तेव्हा मोबाईल नव्हता, हे मान्य. पण त्यांनीच गावातल्या दुकानदाराला परवाना भिंतीवर लावायला लावलाय, साठा आणि दराचा फलक लावायला लावलाय, बिलावर लॉट नंबर घालायला लावलाय. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग, सत्यप्रतला हिरवा, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुतण्याला आलेल्या पाकिटावर टॅग नव्हता, लॉट नव्हता, चाचणीची तारीख नव्हती, उत्पादकाचं नाव नव्हतं. पारदर्शक पिशवी आणि त्यावर रंगीत फोटो. असं पाकीट गावातल्या दुकानात सापडलं असतं तर गुणनियंत्रण निरीक्षकानं त्याच दिवशी विक्रीबंद आदेश काढला असता. तेच पाकीट त्याच गावात, त्याच रस्त्यानं, मोटारसायकलवरून घरपोच येतं तेव्हा ते कुणाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला विचारलं तर म्हणाले, विक्रेता परराज्यातला, लॉट नाही, आम्ही पाहणी करू पण नोटीस कुणाला काढू? प्रश्न खरा आहे, मला त्यांचा राग नाही. पण त्यांनी येऊन पाहणी केली आणि अहवालात ‘सदर पीक संकरित नेपियर नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं. त्या वाक्याची किंमत मोठी आहे.

द्रवरूप टॉनिकचं तर विचारूच नका. २०२१ साली बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशात घेतली, म्हणजे नोंदणी आली, वाटेल ते दावे बंद व्हायला पाहिजे होते. ऑनलाइन पान उघडा, ‘सात दिवसांत दुप्पट फुटवे’ अजून तिथंच आहे. आणि आपले काही व्हिडिओवाले भाऊ त्याच बाटल्या हातात धरून ‘मी स्वतः वापरलंय’ म्हणतात. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं कंपनीकडून पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर ते उघड सांगावं लागतं. खोटी शिफारस केली तर प्राधिकरण त्यांच्यावर वर्षभर बंदी घालू शकतं, दंडही करू शकतं. भाऊ, तुम्ही आमचेच आहात म्हणून प्रेमानं सांगतोय.

आता दोन बोलणी आहेत, ती डेअरीवर रोज ऐकतो.

एक, ‘स्वस्ताच्या मागं लागता, मग भोगा.’ म्हणणारा कोण असतो तर बहुतेक वेळा आपलाच. ज्यानं फसवलं तो मजेत आणि ज्याला फसवलं त्याला अक्कल शिकवायला सगळं गाव. अहो, जाहिरात खोटी असणं हा जाहिरातवाल्याचा गुन्हा आहे, वाचणाऱ्याचा नाही. कायदाही तसंच सांगतो. शेतकरी हा ग्राहकच नाही, तो धंद्यासाठी माल घेतो, असं म्हणायची पद्धत बियाणे कंपन्यांनी खूप वर्षं चालवली. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध आंध्रातले शेतकरी, हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जानेवारी २०१२ मध्ये कोर्टानं सांगितलं, बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक न्यायालयाचं दार बंद होत नाही. आणि आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. पुढं बी खराब निघेल असं गृहीत धरून शेतकऱ्यानं थोडं बी तपासणीसाठी बाजूला काढून ठेवावं, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. निगमानं शेतकऱ्यांवर हाच ठपका ठेवला होता. डेअरीवरच्या शहाण्यांनी सुप्रीम कोर्टाचं तरी ऐकावं.

दुसरं बोलणं दुकानदारांचं, ‘म्हणून सांगतो ऑनलाइन बंद करा, आमच्याकडं या.’ ह्यांच्या मागं मी नाही. युरियाच्या दोन गोण्यांबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणारे हेच. लिंकिंगला बंदी असून हंगामात ते कुणी थांबवलंय? ऑनलाइननं मला ठिबकचे जोड, पंपाचे नोझल, गाईच्या कानाचे बिल्ले तालुक्यापेक्षा कमी भावात घरी आणून दिलेत, खोटं कशाला बोलू. बाजार बंद करा असं माझं म्हणणं नाही. बाजाराचं नाव घेऊन जो कमावतो त्यानं बाजाराची जोखीम पण घ्यावी. परवाना क्रमांक, लॉट, चाचणीची तारीख ह्यांचा फोटो पैसे भरायच्या आधी पानावर दिसलाच पाहिजे, नाहीतर बी, खत, औषध विकायला टाकता येऊ नये. विक्रेत्याचे पैसे ते तसेही अडवून धरतात, तर बियाण्याचे पैसे उगवण कळेपर्यंत धरावेत. आणि दंड कमाईच्या पटीत असावा, नाहीतर तो दंड नाही, भाडं आहे.

कागदांचं थोडं सांगतो, कारण दोन महिन्यांत मला कळलं की खरी लढाई कागदाची आहे. पाकीट रिकामं झालं तरी फेकू नका. खोक्यावरचं लेबल, त्यावरचा विक्रेत्याचा पत्ता, ऑनलाइन बिल, सगळं ठेवा. पानाचा फोटो त्याच दिवशी मोबाईलमध्ये काढून ठेवा, तक्रार केली की पान बदलतं. पुतण्याच्या तक्रारीनंतर चौथ्या दिवशी ‘९० टक्के हमखास’ गेलं आणि ‘उगवण हवामानावर अवलंबून’ आलं. आमच्याकडं जुन्या पानाचा फोटो होता म्हणून बरं. पेरणीचा, उगवणीचा, बोर्ड धरून तारखेसकट फोटो काढा. मोडायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज देऊन पोच घ्या, पाहणी झाल्याशिवाय रोटाव्हेटर घालू नका. घाई करावीशी वाटते, मला कळतं, पण आठ दिवस थांबा.

मग १९१५ वर फोन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात, तक्रारीचा क्रमांक देतात. आमच्या बाबतीत फोननंतर सहाव्या दिवशी बाजाराकडून निरोप आला, ‘सद्भावना म्हणून’ २,३९४ रुपये परत देतो, सोबत एका ओळीला होकार द्या, की आता आमची काही तक्रार राहिली नाही. पुतण्या देणारच होता होकार. त्याला म्हणलं थांब. पाकिटाचे पैसे ते सद्भावनेनं देतायत, मुरघासाचे ४६,८०० कुणाच्या सद्भावनेतून येणार? ह्या एका ओळीला होकार देऊन किती जण गप्प बसले असतील.

म्हणून तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केली. आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असू दे. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, आम्ही गावातल्या सेवा केंद्रातून भरली. विक्रेता आणि बाजार दोघांनाही सामनेवाला केलंय. बाजाराचं नाव वगळायचा सल्ला एकानं दिला होता, सोपं जाईल म्हणून. अजिबात नाही वगळलं. नुकसान मागितलंय ते पाकिटाचं नाही, ५६,७९४ रुपयांचं, वर मानसिक त्रासाचे आणि अर्जाच्या खर्चाचे वेगळे. मिळतील न मिळतील, आयोग बघेल. तारखा लांबच्या पडतात हे मला माहीत आहे.

पण एकट्या पुतण्याच्या केसनं ते पान बंद होत नाही, बाकीची पाकिटं विकली जातच आहेत. त्यासाठी कायद्यात दुसरी वाट आहे. अनेक ग्राहकांच्या हक्काचा प्रश्न असेल तर कलम १६ प्रमाणं जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात, आणि कलम १७ प्रमाणं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार त्यांच्याकडं लेखी देता येते. ही वाट आपल्याकडं कुणी वापरताना मी बघितलेलं नाही. अर्ज मी तयार केलाय, साध्या मराठीत, दीड पानाचा. सोबत पाकिटाचा फोटो, दोन्ही पानांचे फोटो आणि तालुका समितीचा अहवाल जोडलाय.

आपल्या जिल्ह्यात ज्यांनी ऑनलाइन नेपियरचं, किंवा दुसरं कसलंही बी घेऊन हात पोळलेत, त्यांनी बिल आणि पाकिटाचा फोटो मला शुक्रवारपर्यंत पाठवा. नाव जाहीर करायचं नसेल तर पानावर टाकणार नाही, पण अर्जावर सही लागेल. आतापर्यंत सात जण झालेत, त्यात दोघं कांदा बियाण्याचे आहेत. कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या मित्रांनी एक काम करावं. हायब्रीड नेपियर बियांपासून होत नाही, कांडीनंच होतं, एवढं एक पत्र कार्यालयाच्या कागदावर, शिक्क्यासह द्यावं. तुम्हाला पाच मिनिटं लागतील, आम्हाला कलेक्टर कचेरीत ते दाखवता येईल. सोमवारी सकाळच्या साडेआठच्या एसटीनं आम्ही जिल्ह्याला निघणार आहोत. ज्याला यायचंय त्यानं स्टँडवर भेटावं, येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणावी.